अनोळखी शब्द आणि त्याचा अर्थ: शोधाची रीत, पायरीपायरीने

‘रक्ताच्या थारोळ्यात पडलेला आढळला’ हे वाक्य बातमीत वाचताना थारोळे म्हणजे काय, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. रक्ताचे डबके असणार, एवढ्या अंदाजावर डोळे पुढे सरकतात. पण थारोळे रक्ताचे नव्हे, विहिरीचे. बैलांनी ओढलेली मोट वर येऊन जिथे रिकामी होते ते काठावरचे कुंड म्हणजे थारोळे. तिथून पाणी पाटाला लागते. मोट गेली, पंप आला आणि शब्द तेवढा बातम्यांत अडकून राहिला.

अनोळखी शब्द शोधायला निघालेल्याने आधी हे ध्यानात घ्यावे, की सगळे अनोळखी शब्द अनोळखी दिसत नाहीत. जो शब्द कधी ऐकलाच नाही तो निदान थांबवतो तरी. नेहमीच्या वापरातला, पण ज्याचा मूळ अर्थ आपल्याला ठाऊक नाही, तो शब्द सरळ निसटून जातो. अडसर, गोम, पोबारा, खलबत, गुऱ्हाळ हे सगळे त्या जातीचे. नवख्याने सुरुवात यांच्यापासून करावी. वाक्य ओळखीचे असते, त्यामुळे आपला अंदाज आणि कोशातला अर्थ शेजारी ठेवून तपासता येतो.

लागणारे सामान थोडे: एक वही किंवा पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डे, दोन कोश (छापील किंवा जाळ्यावरचे) आणि दिवसाचा अर्धा तास. अर्ध्या तासात तीन शब्द नीट होतात. दहा शब्द होत असतील तर त्यातले सात अर्धवट राहिले आहेत असे समजा.

पहिली पायरी: शब्द वाक्यासकट उतरवा

सुटा शब्द लिहून ठेवणे ही नवख्यांची सगळ्यांत महागात पडणारी चूक. आठवड्याने वही उघडली की ‘माळ्यावर’ एवढेच लिहिलेले सापडते आणि तो कुठला, कुणाचा, कशाबद्दलचा, काहीच आठवत नाही. अख्खे वाक्य उतरवा, गरज वाटली तर आधीचे एकही घ्या, आणि पुस्तकाचे नाव, पान, लेखनकाळ लिहा. शब्द जसा छापला आहे तसाच लिहा. ‘हे चुकीचे छापले असावे’ म्हणून सुधारू नका; ते चुकीचे नसून जुने असण्याची शक्यता जास्त.

खाली पेन्सिलने आपला अंदाज लिहा, कोश उघडण्यापूर्वी. हा अंदाज नंतर खोडायचा नाही. आपण कुठे फसतो ते त्यावरूनच कळते.

दुसरी पायरी: मूळ रूपापर्यंत या

कोशात ‘शब्द सापडत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा शब्द कोशात असतो, फक्त आपण त्याच्या विभक्तीच्या रूपाने हाक मारत असतो. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो, त्यालाच सामान्यरूप म्हणतात. मजकुरात बहुधा हेच रूप भेटते, कोशात मात्र मूळ रूप असते.

उलटे चालण्याच्या काही वाटा:

आधी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय काढा: -ला, -ने, -त, -चा, -वर, -खाली, -पासून. ‘वळचणीला’मधून ‘वळचणी’ उरते. आता हे अनेकवचन आहे की सामान्यरूप? कोशात ‘वळचण’ आहे: छपराच्या पुढे आलेल्या कडेखालची जागा. ‘आढ्याला’मधून ‘आढ्या’ उरते, त्यावरून ‘आढे’: छपराचा सर्वांत उंच, मधला वासा. वळचणीचे पाणी आढ्याला गेले म्हणजे काय अघटित झाले, ते आता दिसते. पाणी वर चढले.

‘शा’ दिसला की ‘सा’ करून पाहा: कवडशात, मूळ कवडसा. ऱ्हस्व दिसला की दीर्घ करून पाहा: विटेला–वीट, कंदिलात–कंदील, फुलाला–फूल. शेवटचे अक्षर सोडून आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘विट’ शोधाल तर हाती काही लागणार नाही.

खरी गंमत एकाच रूपामागे दोन शब्द उभे असतात तेव्हा होते. ‘माळ्याला’ म्हणजे माळा या शब्दाचे रूप की माळी या शब्दाचे? दोन्ही. ‘माळेला’ असेल तर गळ्यातली माळ, आणि ‘माळावर’ असेल तर उघडे रान, म्हणजे पुल्लिंगी माळ. चार वेगळे शब्द, आणि निवाडा फक्त वाक्य करते. पहिल्या पायरीचा आग्रह यासाठीच.

क्रियापदाचे काम सोपे आहे. धातू काढा, -णे लावा: झिरपलेले–झिरपणे, उमजेना–उमजणे, पान्हावली–पान्हावणे. प्रयोजक रूप (बसवणे, हसवणे) वेगळे न मिळाले तर मूळ धातूच्या नोंदीत पाहा.

तिसरी पायरी: लेखन बदलून शोधा

जुने मराठी कोश आजच्या शुद्धलेखनाने छापलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधीच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार सर्रास आहेत: नांव, पांच, कांहीं, करणें. अंत्य इकार-उकारही तत्सम शब्दांत ऱ्हस्व: मति, गुरु.

म्हणून एकेका शब्दाची तीन तीन लेखने करून ठेवा. बोलीतले ‘तळं’, आजच्या प्रमाण लेखनातले ‘तळे’, जुन्या कोशातले ‘तळें’. जाळ्यावरचा कोश एका टिंबासाठी ‘नोंद नाही’ म्हणून मोकळा होतो. पहिली दोन-तीन अक्षरेच टाकून पुढची यादी नजरेखालून घालणे हा यावरचा उत्तम उपाय.

टंकलेखनातही एक खड्डा आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरी या शब्दाचे अनेकवचन. दिसायला जवळजवळ सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. चऱ्हाट, गुऱ्हाळ, वऱ्हाड यांतला ऱ्ह काही जुन्या संगणकीय मजकुरांत निराळ्या संकेताने साठवलेला असतो. शोध रिकामा आला तर ‘गु’पासून यादी पाहत जा.

छापील कोशात क्रम माहीत हवा. ळ हा ह नंतर येतो. क्ष हा क आणि ष यांचा जोड म्हणून बऱ्याच कोशांत ‘क’च्या शेवटी असतो, काहींत मात्र अगदी अखेरीस. अनुस्वाराचे शब्द कुठे ठेवले आहेत, हे प्रत्येक कोशाचे निराळे. ‘अंक’, ‘अंग’ कुठे आहेत ते एकदा पाहिले की उरलेला कोश उलगडतो.

चौथी पायरी: कोणता कोश कशासाठी

एकाच कोशावर विसंबू नका, पण पाच कोशांची चळतही रचू नका. आधी दोन, अडले तर तिसरा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश: पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७, सुमारे ६० हजार शब्द. वस्तू, अवजारे, घराचे भाग, शेती, जनावरे यांच्या शब्दांसाठी याला तोड नाही, कारण शब्द गोळा झाले तेव्हा त्या वस्तू रोजच्या वापरात होत्या. अर्थ मात्र त्या काळच्या इंग्रजीत आहेत. त्या इंग्रजीसाठीही कधीकधी दुसरा कोश उघडावा लागतो.

दाते-कर्वे आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश: १९३२ ते १९३८ या काळात सात विभाग आणि १९५० साली पुरवणी विभाग. अर्थ मराठीत, शिवाय वाङ्मयातली उदाहरणे. बोलींचे शब्द यात खूप.

जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ सालचा प्राचीन मराठीचा कोश पाहावा. संतवाङ्मयातला शब्द आजच्या कोशात आजच्या अर्थाने शोधणे हा हमखास फसण्याचा मार्ग. पसायदानातली ‘व्यंकटी’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ऐकणाऱ्याला व्यंकटेश आठवतो, पण व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, दुष्टपणा. खळांचा तो वाकडेपणा सुटो, असे मागणे आहे.

व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस आणि टर्नर हे चारही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

तिथली एक सोय नवख्यांच्या लक्षात येत नाही: फक्त मथळ्याचे शब्दच नव्हे, तर नोंदींचा सगळा मजकूर शोधता येतो. म्हणजे वस्तू माहीत आहे, नाव माहीत नाही, असा उलटा शोध घेता येतो. मोल्सवर्थमध्ये छपराच्या कडेला इंग्रजीत जे म्हणतात तो शब्द (eaves) टाकला, की वळचण, पागोळी यांसारखे शब्द एका पंगतीत येऊन बसतात. (पागोळी: पाऊस पडताना छपराच्या कडेवरून गळणारी धार.) नवे शब्द भेटण्याचा याहून चांगला रस्ता नाही. यदृच्छेने पान उघडण्यात मजा आहे, पण त्या शब्दांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि ते पटकन विसरतात.

पाचवी पायरी: नोंद पूर्ण वाचा

पहिला अर्थ वाचून कोश मिटणे ही पुढची चूक. नोंदीत आधी व्याकरण असते: पु., स्त्री., न., क्रि., वि., क्रिवि. हे वगळू नका. धाव स्त्रीलिंगी आहे आणि तिचे अर्थ तीन: धावण्याची क्रिया, गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, आणि मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात तो उतार. ‘धाव बसवली’ असे वाक्य असेल तर पहिला अर्थ आपोआप बाद.

चौकटी कंसात मूळ भाषा असते: सं. संस्कृत, फा. फारसी, अर. अरबी, का. कानडी. गोल कंसात बहुधा प्रदेश: गो. गोमंतकी, कों. कोकणी, व. वऱ्हाडी, ना. नागपुरी. उदाहरणापुढचे ज्ञा., तुगा. हे ग्रंथ: ज्ञानेश्वरी, तुकारामाची गाथा. प्रत्येक कोशाची संक्षेपांची यादी सुरुवातीच्या पानांत असते. ती एकदा हाताने उतरवून काढा. वीस मिनिटे जातात आणि कायमची सोय होते. प्रदेशाची खूण लिहून न घेतल्याने एका बोलीचा शब्द भलत्याच गावच्या पात्राच्या तोंडी घातला जातो, आणि तिथला वाचक लगेच ओळखतो.

सहावी पायरी: अर्थ वाक्यात बसवून पाहा

कोशातला अर्थ हा उमेदवार असतो, निकाल नव्हे. शब्दाच्या जागी तो अर्थ ठेवून वाक्य वाचा. कवडसा म्हणजे फटीतून आत आलेला उन्हाचा पट्टा; आरशावरून किंवा पाण्यावरून उलटून भिंतीवर पडलेला उजेडही कवडसाच. ‘भिंतीवर कवडसा नाचत होता’ या वाक्यात कोणता? फटीतले ऊन सहसा नाचत नाही, तेव्हा आसपास पाण्याचे भांडे किंवा आरसा आहे का, हे मागच्या ओळींत पाहा.

मग आणखी वापर शोधा. जाळ्यावर शोधताना मूळ रूप नव्हे, मजकुरात येणारे रूप अवतरणचिन्हांत टाका: ‘थारोळ्यात’, ‘कवडसे’, ‘पागोळ्यांखाली’. निरनिराळ्या लेखकांची निदान पाच वाक्ये वाचा. एकाच वाक्याच्या नकला वीस ठिकाणी असतात, त्या वीस धरू नयेत.

ओळखीच्या चेहऱ्यांपासूनही सावध राहावे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत यातायात म्हणजे त्रास, दगदग, हिंदीत वाहतूक. पोबाराची गोष्ट आणखी मजेची आहे. फाशांच्या खेळातले ते एक दान. हिंदीत ‘पौ बारह’ झाले म्हणजे नशीब उघडले, मराठीत पोबारा केला म्हणजे माणूस पळाला. मूळ एक, पण वाटा दोन. त्यामुळे शेजारच्या भाषेतला अर्थ पुरावा म्हणून नोंदवावा, उत्तर म्हणून नव्हे.

‘दुर्मिळ शब्दांच्या’ ज्या याद्या फोनवरून फिरत असतात, त्यांतला शब्द कोशात आणि खऱ्या वाक्यात, अशा दोन्ही ठिकाणी सापडेपर्यंत वहीत घेऊ नका. संगणकाने तयार करून दिलेल्या अर्थांनाही हाच नियम. आणि छापील कोशही निर्दोष नसतात. वेबस्टरच्या १९३४ सालच्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला होता. मुळात तो शब्दच नव्हता. ‘D or d’, म्हणजे ‘डी’ हे अक्षर, मोठे किंवा लहान, घनतेचे चिन्ह म्हणून वापरतात, एवढे सांगणारी ती चिठ्ठी होती; कुणीतरी अक्षरे जोडून ‘dord’ असे वाचले. चूक लक्षात आली १९३९ मध्ये.

सातवी पायरी: शब्द कुठून आला

इथे उत्साहाला लगाम हवा. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून एक दुसऱ्यापासून आला, असे होत नाही. ध्वनी बदलतात ते बऱ्याच अंशी ठरलेल्या वाटांनी. संस्कृतातला ध्य मराठीत ज किंवा झ होतो: संध्या–सांज, वंध्या–वांझ, मध्य–माज. मग माजघराचा ‘माज’शी, म्हणजे गर्वाशी, काही संबंध नाही हे कळते; ते घराच्या मधले दालन. क्ष बऱ्याचदा श किंवा स होतो: क्षेत्र–शेत, मक्षिका–माशी, इक्षु–ऊस. अशा दहाबारा वाटा जमवल्या की निम्म्या थापा आपोआप गळतात.

थापांचेही एक शास्त्र आहे. परका शब्द आला की बोलणारे त्याला ओळखीचे कपडे चढवतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शहामृग या पक्ष्याच्या नावात मृग कसा, याचे उत्तर फारसीत आहे: शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी मराठीत येताना ‘शहा’ झाला, ‘मृग’ही झाला. म्हणून शब्द फोडून अर्थ लावण्याआधी तो बाहेरून तर आला नाही ना, हे पाहा. पगार, चावी, तुरुंग, घमेले, लिलाव, फीत हे पोर्तुगीजांकडून आले, आणि त्यांत संस्कृत धातू शोधत बसणारे काही कमी नाहीत.

अर्थाचा प्रवासही लिहून ठेवा, पण मधली पायरी हाती नसेल तर जागा कोरी सोडा. खलबतच्या मुळाशी अरबीतला एकांत आहे. एकांतातली मसलत ती खलबत, इथवर साखळी स्वच्छ आहे. इरसालच्या मुळाशी ‘पाठवणे’ आहे, जुन्या कारभारात तो खजिन्याकडे पाठवलेला भरणा होता, आणि आज ‘इरसाल नमुना’ म्हणजे बिलंदर माणूस. भरण्यापासून बिलंदरापर्यंत उडी कशी पडली, हे कल्पनेने रचू नका. बखर या शब्दाबद्दल तर जाणकारांतच दोन मते: ‘खबर’ची अक्षरे उलटून बखर, हे एक; पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘बखैर’वरून, हे दुसरे. अशा वेळी दोन्ही लिहा.

आठवी पायरी: बोलणाऱ्यांकडून शब्द घेताना

कित्येक शब्द कोणत्याच कोशात नसतात. ते सुतार, कोळी, विणकर, गुराखी यांच्या तोंडी असतात. विचारण्याची एक शिस्त आहे. ‘याला थारोळेच म्हणतात ना?’ असे विचारले की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. वस्तूकडे बोट दाखवून ‘याला काय म्हणता?’ एवढेच विचारा आणि गप्प बसा. ती नसेल तर काम सांगायला सांगा: ‘मोट वर आली की पाणी कुठे पडायचे?’ शब्द आपोआप येतो.

उत्तर जसेच्या तसे, त्यांच्या उच्चारात लिहा. च आणि ज यांचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, म्हणून वेगळी खूण करा. जरा म्हणजे थोडे आणि जरा म्हणजे म्हातारपण हे लिहिताना एक, बोलताना दोन. मग त्याच शब्दाने एक वाक्य बोलायला सांगा. वाक्यातून लिंग कळते, जे थेट विचारून सहसा कळत नाही. भाग, धंदा आणि अंदाजे वय नोंदवा, आणि दुसऱ्या माणसाला पहिल्याचे उत्तर न सांगता तोच प्रश्न विचारा. दोघांचे जुळले तर शब्द पक्का. नाही जुळले तर बहुधा दोन शब्द मिळाले.

कार्ड कसे दिसावे

समोर: शब्द आणि मूळ वाक्य, शब्दाखाली रेघ. मागे, एवढेच:

थारोळे, न. (जुने लेखन थारोळें). भेटलेले रूप: थारोळ्यात. आपला अंदाज: डबके. मूळ अर्थ: मोटेचे पाणी जिथे पडते ते विहिरीवरचे कुंड. आजचा वापर: फक्त ‘रक्ताच्या थारोळ्यात’. कोश: नाव आणि पान. व्युत्पत्ती: बाकी.

अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा; कोशातली ओळ उतरवली की डोके काम थांबवते. कार्ड दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, असे तीनदा पुढे घ्या. अर्थ झाकून समोरचे वाक्य वाचायचे. तिसऱ्या वेळी अडला तर शब्द सोपा वाटावा म्हणून अर्थ छोटा करू नका, आणखी एक वाक्य जोडा.

ज्यांचा निकाल लागला नाही ती कार्डे वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी चाळा. तोवर दुसऱ्या कुठल्या पानावर तोच शब्द निराळ्या रूपात दिसलेला असतो, किंवा पहिल्या वेळी आपण ‘माळा’ शोधत होतो आणि शब्द ‘माळी’ होता हे एका नजरेत कळते.